काकांचा अंगठा

३ मार्च

ति. ताईस टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा म्हणून पत्र लिहायला बसलोय. फोनवर आईला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ती स्वतःच बोलते, तेव्हा पत्रच बरं. पोचायला दहा-बारा दिवस लागतात, तेवढा धीर धर.

लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. गरम पाण्याच्या हौदातून त्या ओढून पिळायच्या मशीनमध्ये टाकणं, हे माझं काम. आई मला ताटही उचलू द्यायची नाही, तिला हे अजिबात सांगू नकोस.

इथे रोख पगार नाही. सगळं मोबाइलमधल्या बँकेत. भाजी घ्या, बसमध्ये चढा, साबणाची वडी घ्या, फोन दाखवायचा की झालं. पण बँकेचं अ‍ॅप इथल्या भाषेत, त्यातलं अक्षर मला कळत नाही. त्यात धुण्याच्या पावडरीने बोटं इतकी गुळगुळीत झालीत की फोन माझा अंगठाच ओळखत नाही. आठ वेळा दाबला, आठही वेळा नापास. शेवटी काकांनी स्वतःचा अंगठा माझ्या फोनात नोंदवून दिला. काका म्हणजे आमच्या खोलीतले इस्त्रीवाले. आपलीच भाषा बोलतात, इथे नऊ वर्षं आहेत. धुण्याच्या शेडमध्ये फोन न्यायला बंदी आहे, म्हणून माझा फोन दिवसभर त्यांच्याकडेच असतो. त्यांची पाळी रात्रीची.

मनात आलं होतं, असं चालतं का म्हणून. पण एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कसं विचारणार? आईला नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
टिल्लू


१६ मार्च

चि. टिल्लूस ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. चादरींचा भाग गाळला. ती म्हणाली, एवढं चांगलं अक्षर शाळेत का नाही काढलंस.

तुझं इथेही असंच होतं. लाइटबिल मी भरायचे, गॅसचा नंबर मी लावायचे आणि साहेब विचारायचे, झालं का गं? आता ते काकांच्या गळ्यात पडलंय. गंमत सोड, परक्या मुलखात असा वडीलधारा माणूस मिळायला भाग्य लागतं. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. आईने त्यांना नमस्कार सांगितलाय, आणि हातांना रोज खोबरेल लाव म्हणून तुला बजावलंय. म्हणजे तिला कळलंच सगळं.

शाळेच्या ऑफिसात परीक्षांची गडबड आहे, म्हणून आवरतं घेते. सवडीने लिहीत जा.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

गेल्या आठवड्यात लाँड्रीच्या फाटकाशी एक बाई उभी होती. आईच्या वयाची, अंगावर चांगला कोट. तिच्या हातात कागद होता आणि त्यावर माझं पूर्ण नाव. मला बघून ती रडायलाच लागली, माझी बाही धरून काहीतरी विचारत राहिली. मला एक शब्द कळेना. तेवढ्यात काका आले, तिच्याशी हळू आवाजात बोलले आणि ती गेली. वेडी आहे म्हणाले. वेडी असेल, पण ताई, तिला माझं नाव कुठून कळलं?

परवा बँकेचं पाकीट आलं. काका म्हणाले, जाहिरात आहे, टाकून दे. मी टाकलं नाही. पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही आणि दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत होतं. सोबत पाठवतोय, कुणाकडून तरी वाचून घे.

फोनबद्दलही विचारलं. रविवारी तरी माझ्याकडे राहू दे म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, तुझ्या अंगठ्याने उघडतो का बघ. उघडला नाही. खोलीतले बाकीचे दोघे भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचेही फोन काकांच्याच फळीवर असतात.

ताई, मला भीती वाटते. लवकर लिही.

टिल्लू


२१ एप्रिल

चि. टिल्लूस आशीर्वाद.

हे कुरियरने लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवतेय, खोलीच्या नाही. एकट्याने वाच.

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी भाषांतराच्या अ‍ॅपवर तो कागद वाचून दिला. जाहिरात नाही. तुझ्या खात्यात अनोळखी लोकांचे पैसे येतात आणि तासाभरात पुढे जातात. लोकांना फोनवरून फसवून काढलेले पैसे आहेत ते. तिघांनी तक्रार केलीय, फाटकाशी आलेली ती बाई त्यातलीच असणार. महिना संपायच्या आत तू स्वतः बँकेत जायचंस, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल आणि गुन्हेगार तू ठरशील.

तुला फोन लावते तर दर वेळी काका उचलतात. गोड बोलतात, ड्यूटीवर आहे म्हणतात, आईच्या तब्येतीची चौकशी करतात. मी त्यांना कशाचाही सुगावा लागू दिलेला नाही.

आता मी सांगते तसंच कर. खोलीवर परत जाऊ नकोस. लाँड्रीतून थेट बँकेत जा. बाईंनी सगळी हकिगत तिथल्या भाषेत लिहून दिलीय, तो कागद सोबत आहे. साहेबांपुढे तेवढा ठेव, तोंडाने काही बोलू नकोस. आणि काकांना बरोबर नेऊ नकोस.

त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस असं मीच तुला लिहिलं होतं. ते मला रात्रंदिवस खातंय. पोचल्यावर कुणाच्याही फोनवरून एक शब्द कळव.

तुझी,
ताई


६ मे

सौ. ताईंस स. न. वि. वि.

आपली ओळख फोनवरच्या चार शब्दांपुरतीच, पण तुमच्या भावामुळे मी तुम्हाला घरातलंच समजतो. त्याला घरी टिल्लू म्हणतात हे तुमच्या पत्रातून कळलं. आता मीही तसंच म्हणतो, त्याला बरं वाटतं.

कुरियर व्यवस्थित मिळालं. लाँड्रीत आलेलं सगळं टपाल मीच वाटतो, त्यामुळे गहाळ होण्याची काळजी नसावी. मुदत टळू नये हे तुमचं म्हणणं मला पटलं. एकोणतीस तारखेला मी त्याला बँकेत घेऊन गेलो. तिथे पोलीसही होते. सोबतचा कागद मात्र दाखवला नाही, लिहिणाऱ्या बाईंना इथल्या भाषेचा सराव नसावा.

दुभाषा म्हणून मीच बसलो. साहेब विचारायचे, मी त्याला आपल्या भाषेत सांगायचो, तो हो म्हणायचा. शहाण्यासारखं वागला. शेवटी सहीही केली. आता तो आत आहे. जागा स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं, आणि चादरी धुवाव्या लागत नाहीत. किती वर्षं ते पुढच्या महिन्यात कळेल.

भेटायला एकाच नातेवाइकाला सोडतात. फॉर्मवर त्याने स्वतःहून माझं नाव सांगितलं. या रविवारी जाऊन आलो, आता दर रविवारी जाईन. मी त्याच्यासाठी खटपट करतोय यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे, तो डळमळेल असं काही आपण करू नये.

आपल्या भाषेतले कागद आत नेऊ देत नाहीत. त्याला काही कळवायचं असेल तर माझ्या पत्त्यावर लिहीत जा, मी त्याला तोंडी सांगीन. आईंना साष्टांग नमस्कार. माझ्यावरही लोभ असू द्यावा.

आपला,
काका