पाटलांकडचा चहा

५ जानेवारी ९६, शुक्रवार
नागपूरहून परत. चार वाजता तामसीत उतरलो. काल डायलिसिसचं मशीन झालं, यांचं वजन ५१ वर आणलं. डॉक्टरांनी या वेळी तोंडी न सांगता कागदावरच लिहून दिलं. दिवसाला सहाशे मिली. पाणी, वरण, ताक, गोळीबरोबरचा घोट, चहा, सगळं धरून. गूळ बंद, लिंबू बंद. दोन्ही किडन्या बसल्या आहेत, प्यालेलं बाहेर पडायला वाट नाही. दर गुरुवारी मशीन ते काढणार. मध्ये दीड किलोच्या वर वाढलं तर पाणी छातीत उतरतं. मग काय होतं ते मला बाजूला घेऊन सांगितलं.

बसमध्ये हे पांढरकवड्यापर्यंत खिडकीतून बघत होते. मग एकदम, "सहाशेत चहा किती बसन?"

म्हटलं, एक कप.

"सकाळचा का दुपारचा?"

जीव राहील का, हे नाही विचारलं.

७ जाने., रवि.
औषधाच्या बाटलीवरून माप घेऊन स्टीलच्या पेल्यावर खिळ्यानं रेघा मारल्या. रोज सकाळी तांब्यात सहाशे मोजून ठेवायचे, दिवसभर त्यातूनच. चहासुद्धा.

या घरात शाळेपेक्षा चहाचं वेळापत्रक पक्कं होतं. उठल्यावर कोरा. शाळा-ऑफिसला निघताना दुधाचा, त्यात अंगणातली गवती चहाची पात. संध्याकाळी आलं ठेचून. रविवारी गुळाचा, दूध नासू नये म्हणून वरून थंड घालायचं, ते काम यांचं, माझ्यावर विश्वास नाही. यांच्या महसुलाच्या ऑफिसात दिवसभर "वन बाय टू", एक चहा दोघांत. आदिलाबादला गेलो की बस स्टँडसमोर इराण्याकडे घट्ट पौना चहा आणि खारी बिस्किटं. लग्न झाल्यावर यांनी मला पहिल्यांदा बाहेर नेलं ते तिथेच. मला वाटलं, सिनेमा दाखवतील.

आता दिवसाला एक, आणि कोणता ते आदल्या रात्री ठरवायचं. आज आल्याचा निवडला. बशी नाकाखाली धरून बसले होते. "वासाले तं माप नाही ना?"

हसले मी. मग आत जाऊन रडले.

१० जाने., बुध.
रेशन दुकानाच्या काट्यावर ५२.२. बरं आहे. दुकानदार म्हणतो, "साहेब, रोज मोजून राह्यले, विकाले काढलं का स्वतःले?" हे पण हसले.

मी घरी चहा सोडला आहे, यांच्यासमोर कसा पिऊ. शाळेत माझ्यासोबतच्या लक्ष्मी टीचर थर्मास आणतात, करीमनगरकडच्या, पाण्याचा थेंब नाही, नुसत्या दुधाचा. मधल्या सुट्टीत दोन कप घेते. चोरून पिते आणि गोड लागतो, हेही लिहून ठेवते.

१६ जाने., मंगळ.
हे ऑफिसातून आले ते चप्पल न काढताच आत. "पाटलाचा पोरगा आला होता."

पाटील म्हणजे यांच्या गावचे, इथून सहा किलोमीटर. माझे सासरे त्यांच्याकडे बावीस वर्षं सालदार होते. पोराचं काम होतं पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, मेलेल्या आजोबाचं नाव काढून बापाचं लावायचं. कागद सगळे ठीक. निघताना म्हणाला, "काका, आबानं रविवारी घरी चहाले बोलावलं. काकूलेबी आना."

हे वाक्य मला तीनदा सांगितलं.

मामंजींचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. बिनकानाचा. पाटलीणबाई वरून चहा ओतायच्या. पिऊन झाला की मामंजी तो स्वतः धुऊन पालथा ठेवायचे. हे लहान असताना शेजारी उभे असायचे, कधी तळातला घोट मिळायचा. यांनी हे मला लग्नानंतर एकदाच सांगितलं. पुढे नोकरी लागली, पाटील रस्त्यात भेटले की चांगलं बोलतात, हॉटेलात चहा पाजतात. घरी ये म्हणून कधी नाही. आम्ही जयभीमवाले, आम्हाला हॉटेलपर्यंतच.

मी म्हटलं, काम आहे म्हणून बोलावलं.

"मले का समजत नाही? काम तं मी तसंबी करूनच देनार होतो."

"मग नका जाऊ."

आंघोळीला गेले. बऱ्याच दिवसांनी आतून गुणगुणणं ऐकू आलं.

२० जाने., शनि.
परवा मशीन झालं. वजन ५०.८.

कालपासून हे निम्मंच पिऊन राहिलेत. तोंडात लवंग धरून बसतात. ओठ फुटले आहेत. म्हणे, उद्यासाठी जागा ठेवून राह्यलो. म्हटलं, शरीर म्हणजे काय रांजण आहे, आज रिकामा ठेवला की उद्या जास्त मावेल?

"एक कप. तुया समोर सांगतो, एकच."

पांढरा शर्ट मी इस्त्री केला. काऊन केला, देव जाणे. नाही, मीच जाणते. मलाही जायचं होतं.

२१ जाने., रवि.
जाऊन आलो. जसं झालं तसं लिहिते.

ओसरी ओलांडून बैठकीत नेलं. यांना खुर्ची. पाटील "या उत्तमराव" म्हणाले. इतकी वर्षं उत्त्या होता. मला पाटलीणबाईंनी आत स्वयंपाकघराच्या दाराशी पाट दिला. बैठक दिसत होती.

चहाचंच धरून बसलो होतो दोघं. पाण्याचं लक्षातच नाही आलं. पाहुण्याला आधी पाणी देतात हे शेंबड्या पोराला माहीत, आम्हाला सुचलं नाही, कारण त्या घरी आम्हाला पाणी मिळेल हे डोक्यातच नव्हतं. सुनेनं तांब्या-पेला यांच्यापुढे ठेवला. यांनी पेला भरला, कपाळाला लावल्यासारखा केला आणि सगळा प्याले. मी दारातून डोळे वटारत होते. माझ्याकडे पाहिलंच नाही.

मग चिवडा, खारट. मग चहा. म्हशीचं दूध, वेलची, वरून साय. चहा फार चांगला होता. अशा घरी तरी चहा पुचाट असावा, इतकी माझी इच्छा होती, तीही पुरी झाली नाही. कप नवे कोरे, निळ्या फुलांचे. माझ्या कपाच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आमचा मान म्हणून आणले, की आमच्यासाठी वेगळे म्हणून आणले? चिठ्ठी नखानं काढली आणि मुठीत धरून बसले.

पहिला कप संपला. पाटलीणबाई स्वतः किटली घेऊन बैठकीत गेल्या. "आनखी घ्या ना जी. एवढ्याशा चहानं का होते?"

हे म्हणू शकत होते, डॉक्टरनं मना केलं. कोणीही म्हणतं. यांनी कप पुढे केला.

परत येताना बैलगाडीच्या वाटेनं चालत फाट्यावर आलो. हे म्हणाले, "बाबानं बावीस वर्षं काढले तिथं. कोनी म्हतलं नाही, आनखी घ्या."

राग होता माझ्या पोटात. तो तिथेच राहिला, कुठं काढू?

कपांचं नाही सांगितलं.

२३ जाने., मंगळ.
व. ५३.४. चेहरा सुजलेला, पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. रविवारी चिवड्यानं तहान लागली तेव्हा तांब्या उपडा केला, काल ऑफिसात दोनदा वन बाय टू. विचारल्यावर कबूल केलं. "एकदा सुटलं तं सुटलं." गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. दुपारी जीप ठरवली. आडवं पडवत नाही यांना, बसूनच श्वास

२७ जाने., शनि.
मंगळवारचं लिहायचं तसंच राहिलं.

आदिलाबादला पोचल्यावर ओठ निळे पडले. तिथे ऑक्सिजनची नळी लावून पुढे पाठवलं. नागपूरपर्यंत जीपमध्ये मी यांना पाठीमागून धरून बसले, पुढे वाकून श्वास घेत होते, पाण्यात बुडणारा घेतो तसा. कोरड्या जीपमध्ये बुडत होते. दोन दिवसांत दोनदा मशीन. वाचले.

डॉक्टर माझ्यावर ओरडले. "बाई, तुम्ही शिकलेल्या ना? काय प्यायला दिलं?" हे खाटेवरून म्हणाले, "इचा कसूर नाही. पावन्याकडं गेलो होतो." डॉक्टर म्हणाले, अशा एका पाहुणचारानं माणूस जातो. पुढच्या वेळी इथवर पोचणार नाही.

हे मान हलवत होते, समजल्यासारखे.

त्या घरावर राग धरावा, तर त्यांना आजाराचं काय माहीत. यांच्यावर धरावा, तर तो पेला कपाळाला लावताना मी पाहिलंय.

४ फेब्रु., रवि.
व. ५१.५. माप पाळताहेत. ओठ कोरडे, कुरकुर नाही.

अकरा वाजता पाटील स्वतः आले, पोरासोबत. पिशवीत संत्री. संत्री यांना विषासारखी, पण घेतली. पाटील खाटेशेजारी खुर्चीवर बसले. "आमच्याकडून गेले आन् आजारी पडले, असं ऐकलं. बरं नाही वाटलं." मनापासून म्हणाले, मला खोटं वाटलं नाही.

मी पाणी ठेवलं, आलं ठेचून चहा टाकला. आमच्या घरातले सगळ्यात चांगले कप काढले. हे खाटेवर सरळ होऊन बसले. "आमची बाई चहा चांगला करते," पाटलांना म्हणाले. असं पाहुण्यांपुढे कधी म्हणत नाहीत.

कप पुढे केला तसे पाटलांनी हात जोडले. "नको जी. मले डॉक्टरनं चहा मना केला. शुगर निंघाली."

पाणीही तसंच होतं. पोरानं मात्र कप उचलला होता, बापाकडे पाहून खाली ठेवला.

चौदा दिवसांपूर्वी यांच्यासमोर बसून दोन चमचे साखर घालून घेतली होती त्यांनी. निघताना म्हणाले, "तब्येत सांभाळा."

दार लागल्यावर हे म्हणाले, "निंघाली असन शुगर. या वयात निंघते."

मी दोन्ही कप मोरीत ओतले. हे बघत होते. राग आला होता, आणि यांची कीवही.

५ फेब्रु., सोम.
ऑफिसला गेले. पहाणीची फाईल वर पाठवली, सही झाली. विचारलं, एक दिवस तरी अडवावीशी वाटली नाही? म्हणाले, "हक्काचं नाव आहे. का म्हनून अडवू?"

अशा माणसाशी भांडताही येत नाही.

७ फेब्रु., बुध.
उद्या नागपूर, पहाटेची गाडी. व. ५२.

पाटलाचा पोरगा पहाणीची नक्कल न्यायला ऑफिसात आला होता. म्हणाला, "आबानं सांगतलं, रविवारी हुरड्याले या. मंग घरी चहा घेऊनच जा." हे मला पायरीवर बसून सांगत होते, चपलेचा अंगठा नीट करत.

मी म्हटलं, "त्यांनी आपल्या दारात घोटभर पाणी घेतलं नाही."

"नाही घेतलं."

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवतं ना?"

"आठवते."

"मग?"

अंगठा ओढून बघितला. "त्यायचं त्यायच्यापाशी. मले बोलावलं हाय."

मी नको म्हटलं. हात धरून म्हटलं. चप्पल पायात घातली, चालून बघितली.

संध्याकाळी गवती चहा घालून केला. यांच्या मापातला अर्धा कप पुढे ठेवला. "राहू दे आज," म्हणाले. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस चहाला राहू दे म्हणालेला मला आठवत नाही.

तांब्यातलं सकाळचं पाणी बघितलं. जवळजवळ तसंच आहे.

रविवारला अजून चार दिवस आहेत.