सोसायटीच्या गोदामातली कयाक

आप्पा,

तुमची होडी विकायला काढली आहे. बेंबळीच्या सोसायटीचं जुनं गोदाम पाडायचं ठरलं, तेव्हा खताच्या रिकाम्या पोत्यांखाली ती सापडली. घ्यायची की नाही, ते मला उद्या सांगायचं आहे. चेअरमन माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण उपदेश करतो. म्हणाला, मावशी, गुडघे बघा तुमचे, ह्या वयात तळ्यात जाऊन काय करणार? मी त्याला विचारलं, तू तुझ्या वयात सोसायटीत काय करतोस ते आधी सांग. मुलगाही फोनवर नकोच म्हणतो. दोघांच्या नकारामुळे माझा होकार जवळजवळ पक्का झाला आहे.

कयाक म्हणायचं हिला. तुम्ही शेवटपर्यंत होडीच म्हणालात. कॉन्व्हेंटचे बाक तुमच्या हातचे, म्हणून मला तिथं प्रवेश मिळाला, आणि म्हणूनच सिस्टरनं हिच्या सुट्या भागांची पेटी तुमच्याकडे जोडायला दिली. तिच्या भावानं परदेशातून पाठवलेली: लाकडी फासळ्या, कॅनव्हास, पितळी स्क्रू आणि एक इंग्रजी पुस्तिका. दुष्काळाचं वर्ष. तळी आटलेली, आणि आपल्याकडे होडी आली. लोक हसले ते बरोबरच होतं. धान्य नव्हतं म्हणून गोदाम रिकामं होतं, तिथं तुम्ही काम मांडलंत. सुट्टीत मी पुस्तिका वाचून अर्थ सांगते आहे, तुम्ही पटाशीनं प्रत्येक फासळीवर खुणा पाडता आहात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांवर पाडायचात तशा. वार्निशचा डबा वाटेतच फुटला होता. सिस्टरकडे दुसरा मागायची तुम्हाला लाज वाटली, म्हणून घरातलं करडईचं तेल फासळ्यांना पाजलंत, बैलांच्या जुवाला पाजतात तसं. रेशनचं, महिन्याचं तेल. आई खडी फोडून आली, बुधली उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "लेकरं भाकर कोरडी खात्यात, अन् ह्यांची होडी तेल पिती." मी तिची बाजू घेतली, तर तुम्ही मला म्हणालात, "तू इंग्रजी वाच तेवढं. अक्कल मी लावतो." हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात दुष्काळी कामावर खोदलेला तलाव भरला. माझ्या वर्गातल्या मुली शाळेच्या गाडीतून बघायला आल्या. सिस्टर बसली, वल्हं मारत पलीकडे जाऊन आली, टाळ्या झाल्या. मी काठावरच राहिले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, नवऱ्याला, मुलाला, शाळेत शिकवलेल्या पोरींना, की माझ्या बापानं स्वतःच्या हातानं होडी जोडली आणि मुलीची जात म्हणून मला तिच्यात बसू दिलं नाही. पोरी चिडायच्या. त्यांनी चिडावं म्हणूनच सांगायची.

आज दुपारी गोदामात वाकून आत हात घातला. पाय टेकायची पट्टी जागेवर आहे, सिस्टरच्या लांब पायांच्या मापानं. त्या पट्टीची जागा मीच पुस्तिकेतून वाचून दाखवली होती. पण तिच्या अलीकडे, वीतभर जवळ, पटाशीनं पाडलेल्या दोन खाचा लागल्या. पट्टी काढून तिथं बसवता यावी अशा. पुस्तिकेत त्या नव्हत्या. ते माप बारा वर्षांच्या पोरीचं आहे.

म्हणून मी विरघळले असं समजू नका. उद्या होडी घेणार, कॅनव्हास नवा ताणून घेणार आणि चेअरमनच्या डोळ्यांदेखत पाण्यात घालणार. फासळ्यांना कीड नाही, तरी तेलाबाबत मी आईच्याच बाजूची आहे.

हे पत्र कुठल्याच टपालपेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुम्ही हाक मारली होती. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे, धोतर वर खोचलेलं, सगळ्यांसमोर: "ये गं, आता तू बस." वर्गातल्या मुली वळून बघायला लागल्या. हा माणूस आपला कुणीच नव्हे, अशा थाटात मी शाळेच्या गाडीत जाऊन बसले.

पण आप्पा, तुम्ही एकदाच हाक मारलीत. दुसऱ्यांदा मारायला काय झालं होतं?