चार्डाच्या बुडाशी

कळंब, येळवशीचा दुसरा दिवस

सन्माननीय व्याही गौरीशंकरअप्पांना महांतप्पाचे शरणू शरणार्थ. इकडं सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? आमची शिवांजली (आता तुमचीच, तरी वरणात मीठ कमी पडलं तर आमच्याकडं बोट दाखवायला मोकळीक आहे) बरी असेल.

तुम्ही दिलेलं चार्डचं, त्या बिटासारख्या दिसणाऱ्या पालेभाजीचं, बी परसात लावलं. तुम्ही बजावलं होतं, हे जुनं वाण हातोहात आलेलं, बाजारात मिळत न्हाय. ह्याला कंद धरत न्हाय, पानं खा, दोन झाडं बियाला राखा अन् मूठभर बी परत करा. पण अप्पा, हमालीपासून आडतीपर्यंत माझा जन्म धान्य-बियाण्यात गेला. पुडी उघडली अन् ओळखलं, हे तर बीट! आमच्या व्याह्यांना कुणीतरी टोपी घातली. (हे मनातच म्हणालो. आमच्या हिला, पार्वतम्माला, तेवढं सांगितलं.) आता बीट म्हटल्यावर पानं तोडली की खाली कंद कसा धरणार? घरात फर्मान काढलं, पानाला कुणी हात लावायचा न्हाय. पानं हातभर झाली, दांडे लालभडक. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय शेठ, फुलझाडं का?" पण बुडाशी काय चाललंय ते कळेना. एक झाड उपटून बघितलं, तर उंदराच्या शेपटीएवढं मूळ. वाटलं, हे एक वांझ असेल, शेजारचं बघावं. मग रोज पूजा झाली की एक. कुंपणापलीकडून नागम्मानं आमच्या हिला विचारलं (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत), "अक्का, शेठ रोज काय हुडकतात?" ही म्हणाली, "व्याह्यांची चूक. अजून घावली न्हाय."

काल येळवशी, रानात पंगत घालायचा सण. सकाळीच धीर सुटला. एक सोडून उरलेली सगळी उपटली. पार्वतम्मानं पानं-दांडे चिरून भज्जीत, सणाच्या मिसळभाजीत, टाकले. भज्जी लाल! रानात जेवायला आलेली मंडळी पातेल्यात डोकावून मागं सरकली. आडतीवरच्या बब्रुवाननं तेवढी हिंमत केली, अन् मग अप्पा, लई खाल्ली हो लोकांनी, आंबील तशीच राहिली. जो तो बी मागू लागला. मी म्हणालो, "आमच्या घरचंच बी. पुढच्या साली सगळ्यांना."

तेव्हा तुमच्या बियात खोट न्हाय, एवढं मान्य. बाकी एक झाड राखलंय. त्याच्या बुडाशी लिंबाएवढा तरी कंद असणारच. मग बोलू.

आपला,
महांतप्पा

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. अजून थोडं बी पाठवा. तुम्हाला परत करायचं ते अन् लोकांना कबूल केलेलं ते, दोन्ही त्यातूनच भागवतो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी ते राखलेलं झाडही उपटून बघितलं. कंद न्हाय. तुमचंच खरं. बी पार्वतम्माच्या नावानं पाठवा. तसं लिहितो का न्हाय ते बघायला ती शेजारीच उभी आहे.