दोन आखूड, एक लांब

दि. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न., आणि वि. वि. एकच, की रागावू नकोस.

आज पहाटे हॉर्नच्या आवाजाने जाग आली. दोन आखूड, एक लांब. अप्पांचा ट्रक वळणावर आला की असाच वाजायचा, आणि तू हातातली पाटी टाकून दाराकडे धावायचीस. उठून पाहिलं तर बाहेर फक्त माझी म्हातारी गाडी, दवाने भिजलेली. अप्पा गेले, ट्रक भंगारात गेला, तो आवाज मात्र जायला तयार नाही.

मी उत्तरेला निघालोय, आपल्या भोवऱ्याकडे. मी बाप त्याचा, पण तीन वर्षांत मुलाचं तोंड पाहिलेलं नाही. त्याची आई गेली तेव्हा रस्ता बर्फाने बंद झाला होता. ज्याची नोकरी बर्फ हटवायच्या गाडीवर, तोच पलीकडे अडकून पडला. तेव्हापासून त्याची पत्रं तारेसारखी येतात: मी ठीक, तुम्ही जपा. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, गाडी चालवायची ती या हिवाळ्यापर्यंतच, पुढे माणसांचे चेहरेही धूसर होतील. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, शाळेच्या पुस्तकांतल्या कविता उलट्या वाचून पाठ केल्या, त्याचं हे बक्षीस! म्हणून चेहरे दिसताहेत तोवर पोराला एकदा डोळे भरून पाहायचं आहे.

त्याला कळवू नकोस, तुला माझी शपथ. येतोय म्हणून कळवायला आपण काय पाहुणे आहोत, असं अप्पा विचारायचे. मीही वळणावर हॉर्नच वाजवीन. वाटेतल्या टपालकचेऱ्यांचे पत्ते मागच्या बाजूला दिले आहेत.

तुझ्या लोभावर गाडी हाकणारा,
धाकटा


दि. ८ ऑक्टोबर

चि. कविराजांस,
अनेक आशीर्वाद, पैकी निम्मे आता घे आणि निम्मे परत आल्यावर.

वाचून तोंडचं पाणी पळालं. एक डोळा रस्त्यावर आणि एक ढगात, असा माणूस तू. चौथीत तपासनीसांसमोर वाटसरूची कविता म्हणताना शेवटचं कडवं विसरलास आणि खिडकीबाहेर बघत राहिलास. तसा रस्त्यात थांबू नकोस, मागून येणारा तपासनीस नसतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठ. पायमोजे दोन-दोन घाल.

माझं चाललंय. गुडघे जिना उतरू देत नाहीत, म्हणून खालचा शिंपी काजं करायचे सदरे वरच आणून देतो. दिवसभरात तेवढंच एक माणूस येतं, तेही सदरा पुढे करतं आणि जातं.

पोटात दुखतंय, पण शपथ पाळते आहे. तुझ्या डोळ्यांचं मात्र मी भोवऱ्याला उन्हाळ्यातच लिहिलं होतं. त्याला शपथ नव्हती. उत्तर आलं नाही.

लोभ आहे, म्हणूनच ओरडते.
तुझी,
ताई


दि. १४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न., दोन-दोन पायमोजे घालून.

तुझं पत्र इथल्या टपालकचेरीत माझ्याआधी येऊन बसलं होतं. इतकं ओरडणं वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

वर जावं तशी झाडं बुटकी होत जातात, जणू मागच्या बाकांवरून पुढच्या बाकांकडे यावं. परवा एका तळ्याकाठी गाडी थांबवली. पाणी इतकं निश्चल की ढग उलटे छापल्यासारखे. मला ते सरळ वाचता आले! हरणांचा कळप आला, माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि निघून गेला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून मी म्हणालो, की बघितलंस का. मग बराच वेळ गाडी सुरू करावीशी वाटली नाही.

काल चाक पंक्चर झालं. त्यात जॅक चिखलात रुतला, आणि मी दगडावर बसून ती वाटसरूची कविता म्हणत राहिलो. शेवटचं कडवं अजूनही आठवत नाही. शेवटी लाकूड नेणाऱ्या एकाने चाक बदलून दिलं. जाताना म्हणाला, आजोबा, या वयात घरी बसावं. घरी कोण आहे, हे त्याने विचारलं नाही.

आज एक विचित्र गोष्ट घडली. दाट धुकं होतं. समोरून ट्रक आला, तर अप्पांच्या शिस्तीप्रमाणे मी दोनदा दिवे लुकलुकवले. ट्रक पुढे गेला आणि मागून हॉर्न आला: दोन आखूड, एक लांब. मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. काही नाही, नुसता वारा. डोळ्यांपाठोपाठ आता कानही फितूर झाले म्हणायचे.

लोभ धुक्यातही दिसत राहो.
धाकटा


दि. १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. वळणावर हॉर्न वाजवला. अप्पांसारखा जमला नाही, पण वाजवला. कोणी बाहेर आलं नाही.

भोवरा इथे नाही. त्यांच्या गाड्यांच्या आवारातला मिस्त्री म्हणाला, बर्फ हटवायच्या गाडीचे सुटे भाग आणायला ट्रक घेऊन तो खाली शहरात गेलाय, शिवाय त्याचं स्वतःचं काही काम आहे, परतायला वेळ लागेल. कसलं काम ते त्याला माहीत नाही. मी बाप असल्याचं सांगितल्यावर त्याने खोली उघडून दिली.

खोली लहान, पण नीटनेटकी. शेगडी, खिडकी, त्याच्या आईचा फोटो. आणि ताई, खाटा दोन आहेत. दुसरी कोरी आहे. जाड गादी, घडीही न मोडलेली पांघरुणं, उशाशी वाचायचा दिवा, भिंग बसवलेला. कुणाला तरी आणण्याची तयारी दिसते. त्याने लग्न ठरवलं असेल, किंवा केलंही असेल. मला कळवलं नाही. का कळवावं? चांगलंच आहे. पण नव्या संसारात आंधळा होत चाललेला सासरा अडगळच. मी त्या खाटेला हात लावला नाही. खुर्चीवरच बसतो.

बर्फ पडलं की रस्ता बंद. त्याआधी निघेन म्हणतो. मिस्त्रीने गाडीचा गळका रेडिएटर काढून ठेवलाय आणि घाई कशाशी खातात ते त्याला ठाऊक नाही. तो बसवून झाला की निघालो. पोराचा चेहरा फोटोत पाहून घेतला.

लोभ असू दे, उरलेलं माणूस आता तू एकटीच.
धाकटा


दि. २७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, उजवा कान धरून.

अरे वेड्या, त्या खोलीतून हलू नकोस! भिंगाचा दिवा तरण्याताठ्या बायकोला कशाला लागतो? डोळे कुणाचे चाललेत? उन्हाळ्यातल्या माझ्या पत्राचं उत्तर भोवऱ्याने कागदावर दिलं नाही, खाटेवर दिलंय. त्या कोऱ्या गादीवर आज दुपारीच आडवा हो, अंग शेकेल.

आणि तो धुक्यातला हॉर्न. तसा वाजवणारे जगात उरले किती? अप्पा नाहीत. मला सायकलही येत नाही. लहानपणी मांडीवर बसवून तू ज्याला शिकवलास, तोच एक. तुला न्यायलाच तो निघाला असणार, आणि तुझ्यासारखाच न कळवता! बाप वर चालला, लेक खाली, आणि दोघांनी एकमेकांना हॉर्न देऊन वाट सोडली. आता तो तुझ्या घराच्या कुलपापुढे उभा असेल आणि तू गाडी काढलीस तर पुन्हा तेच व्हायचं. हे पत्र वेळेत पोचेल ना, या काळजीने जीव टांगणीला लागलाय. मिस्त्रीच्या आळशीपणावरच काय ती भिस्त.

थांब. खाली कोपऱ्यावर

दोन आखूड, एक लांब. गुडघे होते तिथेच राहिले आणि उरलेली मी दारापर्यंत धावले. हातात पाटी नव्हती, पेन होतं. ते पडून निब मोडली, म्हणून पुढचं पेन्सिलीने लिहिते.

हे पत्र आता टपालात पडणार नाही. न्यायला माणूस आलाय. दाढी वाढलेली, खांदे थेट अप्पांचे. दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडतोय, आणि घराला कुलूप पाहून इकडे आलो म्हणतोय. बाबा आत झोपलेत का, असं हळू आवाजात विचारतोय.

दोघांवरही लोभ करणारी,
ताई