बोळ्याच्या कार्डावरच्या खुणा

२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नव्या नोकरीवर रुजू झालो. खोलीमालक कुत्रा ठेवू देत नाही, म्हणून बोळ्याला तुझ्या गळ्यात मारलं. चादरी तेवढ्या जप. त्याच्या पिशवीत हृदयातल्या जंतांवरच्या गोळ्या आहेत. डास चावून हे जंत होतात, म्हणून महिन्याला एक द्यायची. मी वर्षभरात एकही महिना चुकवला नाही, कार्डावर खुणा आहेत. तपासणीसाठी दवाखान्याच्या फेऱ्या मारू नकोस, सरळ पुढची गोळी दे. थोडा खोकतो, ते वयामुळे.

तुझा लोभ आहेच, पुरवून वापरीन.
तुझा भाचा

९ जून

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

गोळी दिली नाही. खोकता खोकता बोळा दोनदा आडवा पडला, तेव्हा शिलाई टाकून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्त तपासू. अंगात जंत असताना ही गोळी एखाद्याला भलतीच बाधते. दहा मिनिटांत तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे जंत आहेत. मग सूक्ष्मदर्शकाखाली थेंब दाखवला, त्यात जंतांची पिल्लं वळवळत होती. मोठे कसे असतात विचारलं, तर त्यांनी कपाटातली बरणी पुढे केली. दुसऱ्या कुत्र्याच्या हृदयातले, वीतवीतभर, पांढरे, एकमेकांत गुंतलेले. थेट माझा शिलाईचा दोरा. मी मोरीत जाऊन ओकले. दोन दिवस सुई ओवता आली नाही.

घरी येऊन पिशवी उपडी केली. अकरा गोळ्या निघाल्या, वेष्टनसुद्धा फाडलेलं नाही. कार्डावर मात्र बारा खुणा, एकाच शाईने, एका बैठकीत ओढलेल्या. बरणी तरी हातात धरवली, ते कार्ड धरवेना.

खरं काय ते लिही. लोभाचं नंतर बघू.
मावशी

१५ जून

ती. मावशीस,
सा. न.

पहिली गोळी त्याने लाळेसकट माझ्या हातावर थुंकली. पुन्हा त्याच्या तोंडात बोटं घालायची मला शिसारी आली. पुढच्या महिन्यात देऊ, म्हणता म्हणता वर्ष गेलं. तपासणी झाली असती तर उघडा पडलो असतो, म्हणून तुलाही नको म्हटलं. तो बरा झाला की दुसरी खोली बघून न्यायला येतो.

रागव, पण तोडू नकोस.
भाचा

३० नोव्हेंबर

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

तुझी चार पत्रं आली. उत्तर लिहावंसं वाटलं नाही.

महिनाभर औषध, मग थांबून थांबून कमरेच्या स्नायूत तीन इंजेक्शनं, शेवटचं याच महिन्यात. मेलेले जंत तुटून फुप्फुसात अडकतात, म्हणून त्याला हलू द्यायचं नाही. मशीनच्या पायाला बांधून ठेवलाय. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर तो रक्त खोकला, तेही मीच धुतलं, नाक दाबून. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी मी घशापर्यंत बोटं घालून देते. मलाही किळस येते. हात धुतला की जाते.

जंतांची पिल्लं रक्तातून गेली. मोठ्यांची तपासणी पुढे आहे. हृदयाचं झालेलं नुकसान मात्र भरून येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भेटायला ये, न्यायला नको. मागे एकदा तुझं पत्र मोठ्याने वाचत होते. तुझं नाव ऐकून त्याने पडल्या पडल्या शेपटी आपटली आणि उठायची धडपड सुरू केली. त्याला उठायची मनाई आहे. पुढचं पत्र मी मनातल्या मनात वाचलं.

लोभ आटलेला नाही, विटलेला आहे.
मावशी