हाताच्या खुणेवरचं गाणं

शुक्रवार पेठ, सोलापूर
७ जुलै १९७४

ती. दादांस,
विजयमालाचा सा. न. वि. वि. घरी सगळे खुशाल असाल असं धरून चालते.

माझ्या घशाला सूज आली आहे. पहिलीच्या साठ पोरांपुढे वरच्या पट्टीत गाऊन गाऊन आवाज बसला. डॉक्टरांनी तीन महिने गायचं नाही, बोलायचंही जेमतेम, असं बजावलंय. आवाज पहिल्यासारखा होईलच, असं काही ते म्हणाले नाहीत. हेडमास्तर म्हणतात, मुक्या बाई गाणं शिकवणार कसं? त्या तासाला कवायत घेऊ. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आहे. आईला यातलं काही सांगू नका.

तुमची माया असतेच, ती असू द्या.
विजू


करकंब
१२ जुलै १९७४

चि. विजूस,
जोतीरामचा पोटभर आशीर्वाद.

लहानपणी तुला गप बसवायला आई मूठभर शेंगा द्यायची. डॉक्टरनं फुकटात बसवलं की. तुझं पत्र आईनं माझ्याआधीच शेजारणीकडनं वाचून घेतलं, तवा लपवायचं काय राहिलं न्हाय. लई काळजी करतीया. ज्येष्ठमधाची पुडी पाठवली हाय.

मला गाण्यातलं कळत न्हाय. पर मी बैलांना कुटं बोलून सांगतो? नुसता हात हलला की वळत्यात. तुजी पोरं तर माणसाची हायेत. हात दाखवून बघ.

दादा


शुक्रवार पेठ, सोलापूर
२९ सप्टेंबर १९७४

ती. दादांस,
सा. न. वि. वि. तुमच्या बैलांचे उपकार झाले.

पेटीवर सूर द्यायचा. हात वर नेला की पोरांनी वर जायचं, खाली आणला की खाली यायचं. दंगा करणारी पोरं हाताकडे टक लावून बघू लागली. सगळ्यात आधी सूर पकडला तो गौरम्मानं. तिच्या घरी कानडी बोलतात. जूनपासून ती पाटीआड तोंड लपवून बसायची आणि मी तिला मठ्ठ समजत होते. त्याची आता लाज वाटते. माझं बोलणंच बंद झालं, तेव्हा तिला अडायला काही उरलं नाही. हेडमास्तर एकदा दारात उभे राहून ऐकून गेले. कवायतीचं नाव पुन्हा काढलं नाही.

परवा डॉक्टरांनी गायची परवानगी दिली. काल वर्गात गायले. खालचे सूर लागले, वर जाताना आवाज चिरकला आणि मी थांबले. डोळे भरून आले म्हणून खिडकीकडे वळले, तर गौरम्मा पेटीजवळ येऊन चक्क मराठीत म्हणाली, “बाई, तुमी बसा. वरचं आमी म्हनतो.”

आणि म्हटलंही, साठच्या साठ जणांनी. मी बसून पेटी वाजवली.

दादा, आवाज यायचा तेवढा येईल. मला आता घाई नाही.

आईला नमस्कार. लोभ आहे, त्यात रोजची भर पडू द्या.
विजू