वरचे पाच पत्रे

४ जून
ताईला कामावरून काढलं! बावीस वर्षं डब्यांचे पत्रे निवडले तिने, आणि ठोकळ्याने भर खोलीत बोट दाखवलं — "हा माल हिच्याच टेबलावरचा!" ठोकळा म्हणजे आमचा तपासनीस. चोराच्या उलट्या बोंबा! फळांचे डबे गळले, मान्य. पण त्या थप्पीवर सही कोणाची? त्याचीच ना? ताईने एप्रन काढला, घडी केली, चालू पडली. मी शेजारच्याच टेबलावर. हातातला पत्रा त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

५ जून
सोडणार नाही त्याला. लिहून ठेवते.

११ जून
ताई दिवसभर खिडकीशी बसून असते. चहाचा कप उचलतानाही हात चाचपडतो — एवढा धसका घेतलाय! वर मलाच म्हणते, "जाऊ दे गं, त्याच्यावर राग नको धरूस." अशी गरीब गाय, म्हणून तर लोक डोक्यावर बसतात. मी नाही त्यातली.

१९ जून
सापडलं! आणि किती सोपं!

कथलाचा मुलामा चढला की पत्रा आमच्या खोलीत येतो. उजेडात धरायचा, जरा वाकवायचा, आवाज ऐकायचा. बारीक भोकं असलेला, मुलामा सुटलेला बाजूला. चांगल्यांची थप्पी, वर आपल्या नंबरची चिठ्ठी. मग ठोकळा येतो. माझे वरचे पाच पत्रे उलटतो, सही ठोकतो आणि माझी चिठ्ठी फाडून टाकतो. पुढे जाते ती फक्त त्याची सही!

वर पाच चांगले ठेवायचे. खाली काय आहे ते त्याचा बाप बघणार आहे?

२३ जून
आज बुटाच्या पॉलिशच्या डब्यांचा माल. त्यासाठीच थांबले होते. खाण्याच्या डब्यांत नाही हं — सूड घ्यायचाय, कोणाच्या पोटात विष नाही कालवायचं. वर पाच आरशासारखे, खाली साठ भोकांचे. ठोकळा आला, पाच उलटले, सही! जाताना विचारतो कसा, "ताई कशी आहे?" निर्लज्ज! "मजेत," म्हटलं.

२४ जून
पुन्हा. आज नव्वद.

९ जुलै
आली तक्रार! पॉलिश डब्यातच वाळून दगड झालं म्हणे. मोठ्या साहेबांनी अख्खी खोली उभी केली. "कोणाच्या टेबलावरचा माल?"

ठोकळ्याने माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून. माझी तयारी होती — घे ना नाव! आधी थोरली, आता धाकटी, कोण विश्वास ठेवणार? पण गडी म्हणतो, "सही माझी आहे, साहेब. चूक माझीच." खाली मान घालून गेला. जिरली! करावं तसं भरावं. येताना रस्ताभर गाणं गुणगुणत होते मी.

१२ जुलै
काय लिहू! ठोकळ्याची रिकामी जागा मला! साहेब म्हणाले, "खोलीत तुझ्याइतकी नजर कोणाची नाही." सोमवारपासून. ताईला अजून बोलले नाही. उद्या सुट्टी — समोर बसवून सगळं सांगेन. तिच्या अपमानाचं उट्टं काढलं मी!

१३ जुलै
सांगितलं. ताईने तोंडावर हात धरला.

मग म्हणाली, "मला दोन वर्षं धड दिसत नाही गं. मीच त्याच्या पाया पडले होते, कोणाला सांगू नका म्हणून. स्वतःची जेवणाची सुट्टी बुडवून माझी अख्खी थप्पी तो पुन्हा निवडायचा. फळांचा तेवढा माल त्याच्याकडून सुटला. मग मीच म्हटलं — माझं नाव सांगा, तुमची नोकरी जायला नको."

"मग माझे पाचच का बघायचा?"

"म्हणायचा, धाकटीचं काय बघायचं? तिचा हात चुकत नाही."

उद्या सोमवार.